गंगूचं फडकं

गिरणीतल्या चारजणी एकत्र बसल्या की किस्से आपोआप उगवतात, पाणीसुद्धा घालावं लागत नाही! आमच्या सोलापूरच्या रिळिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, सूत कमी आणि गप्पाच जास्त निघायच्या. पण गंगूचे किस्से सांगायला घेतले, की मला शेवटपर्यंत हसता येत नाही. काय करू!

*

गंगू सांगोल्याची, माझ्या शेजारी कामाला. एका उन्हाळ्यात तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला. आमच्यात सगळ्यात थोरली रखमामावशी. ती म्हणाली, "लाली लावून कुटं निघालीस गं? जत्रंला?"

सगळ्या खिदळल्या. गंगूही हसली.

*

मग गंगूची बोटं आखडली. तुटलेल्या धाग्याला सकाळी सकाळी गाठ मारता येईना. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, खेकसला, "झोप झाली न्हाय काय?"

"माजी झाली की! बोटांची न्हाय झाली!"

तिच्या गाठी मीच मारून द्यायची.

*

ऊन लागलं की चट्टा पेटायचा, ताप भरायचा. म्हणून तिनं नवऱ्याची काळी छत्री आणली. भर उन्हाळ्यात छत्री! गेटवरचा दरवान ओरडला, "मडम आली, सलाम करा!"

गंगू म्हणाली, "सलाम ऱ्हाऊ दे, सावली दे."

*

केस गळायला लागले तेव्हा कुणीतरी कुजबुजलं, "महारोग हाय." झालं! जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या भाकऱ्या एकाच फडक्यावर मोडून टाकायच्या आणि हाताला येईल तो तुकडा खायचा, ही आमची रीत. दुसऱ्या दिवसापासून गंगूचं फडकं वेगळं. मी तिच्याजवळ बसले, तर रखमामावशी म्हणते, "तुला लेकरंबाळं हायत की न्हाईत?" मेलीचं काळीज दगडाचं!

गंगू म्हणायची, "एकटीनं घास उतरत न्हाय गं."

*

तिला दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, "याला ल्युपस म्हणतात. महारोग नव्हे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण कातडी, सांधे, मूत्रपिंडं, सगळं धरतो. खात्रीचं औषध नाही. उन्हात जाऊ नका."

मी म्हटलं, "सोलापुरात ऱ्हाऊन उन्हात जाऊ नका? सरळ मरा म्हना की!"

गंगूनं माझा दंड धरला. "लागत न्हाय म्हनाले की गं! चल, सांगू समद्यांला!" तिला तेवढंच ऐकू आलं होतं.

*

सांगितलं, पण कुणाला पटलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून गंगूच्याच फडक्यावर जेवायला लागले. तिच्या पायांवर, तोंडावर सूज चढली, काम सुटलं. तिच्याबरोबर जेवून मला काहीच झालं नाही, हे बघून शेवटी रखमामावशी उठली. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळ्या गंगूच्या घरी गेलो. मावशीनं फडकं अंथरलं, भाकऱ्या मोडल्या, शेंगाचटणी टाकली आणि पहिला तुकडा गंगूच्या हातात दिला. "खा माजे बाई. चुकलं आमचं."

गंगूनं तुकडा ओठाला लावला आणि खाली ठेवला. तिचं तोंड आतून फोडांनी भरलेलं.

"तुमी खावा," ती म्हणाली. "मी नुसती मधी बसते."