तीन म्हणायच्या आधी

आमच्या साडूंइतका चेहऱ्यांचा पारखी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात नाही, आणि मी मोजूनमापून बोलणारा माणूस आहे. कळमनुरीत त्यांचा फोटो स्टुडिओ. समोरच्याला सांगणार, "तीन म्हटलं की काढतो," आणि बटण दाबणार दोनवरच. कारण विचारलं तर म्हणतात, "तीनवर माणूस खोटा व्हतो, साडूभाऊ!" माझ्या लग्नातल्या एकशे आठांपैकी एकोणनव्वद फोटोंत माझं तोंड उघडं आहे.

साथीमागोमाग मंदी आली, बाजारपेठेतली शटरं एकामागून एक खाली आली, तेव्हा यांनी कॅमेरा उचलला आणि प्रत्येक दुकानदाराला त्याच्या बंद शटरपुढे उभं केलं. लोकही असे, की हलाखीच्या फोटोला इस्त्रीचा शर्ट घालून येत. भांडीवाल्याने तर अत्तर लावलं होतं. "येऊ द्या, वासबी येऊ द्या फोटोत," म्हणाले साडू. चाळीस दुकानदार, चाळीस फोटो. एकेचाळिसावा त्यांच्याच स्टुडिओचा. त्यात नुसतं शटर. पुढे कोणी नाही. काढणार कोण?

दुकानं परत उघडल्यावर त्यांनी काळ्या पुठ्ठ्यांवर चिकटवलेले ते फोटो आठवडी बाजारात दोरीवर टांगले. "एकानं जरी लाज वाटली म्हटलं, तर समदे उतरवीन," असं मला म्हणाले होते, आणि सकाळपासून चहाला शिवले नव्हते. पहिला आला शिंपी. स्वतःच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला आणि गरजला, "ओ फोटोवाले! हे काय करून ठेवलं?" साडूंचा हात दोरीच्या गाठीकडे गेला. "बघणाऱ्याला वाटंल दुकान अजून बंदच हाय! खाली लिवा की, चालू हाय म्हणून!" आणि खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढून त्यानेच लिहिलं : चालू आहे. बाजार हसला. भांडीवाल्याने खडू मागितला, मग झुंबडच उडाली. दिवस मावळायच्या आत चाळीसच्या चाळीस फोटोंखाली तेच दोन शब्द. मी दोनदा मोजले.

एकेचाळिसावा तसाच राहिला होता. हल्ली सगळ्यांच्या हातात मोबाइल, त्यामुळे स्टुडिओचं शटर अर्धंच वर जातं. मी साडूंना त्या अर्ध्या शटरपुढे उभं केलं आणि त्यांचाच कॅमेरा घेतला. "तीन म्हटलं की काढतो," म्हणालो. त्यांनी कॉलर नीट केली, खिशात कंगवा चाचपला, मग मागे वळून आपली जुनी पाटी एकदा बघून घेतली. परत वळताना चेहऱ्यावर जे आलं, ते तीनपर्यंत टिकलं नसतं. मी आयुष्यात कधी मोजणी अर्धी सोडलेली नाही. त्या दिवशी दोनवर सोडली.