मातीला वाजलेला ठेका

आज रेकॉर्ड केलेले ठेके वाजवायचा माझा जुना सॅम्पलर सुरू केला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी कुरखेड्याकडच्या त्या लग्नमांडवात जाऊन पोचलो.

आमच्याकडे कुणी गेलं की मातीला, म्हणजे अंत्यविधीला, ढोल वाजतो, त्याचा ठेका वेगळा असतो. गावातल्या एका मातीला मी तो रेकॉर्ड केला होता. मांडवात तोच ठेका वेग वाढवून वाजवला. पोरं बेभान नाचली; बाया मात्र जागीच थांबल्या. नवरीची विधवा आई जवळ आली. सॅम्पलरवर हात ठेवून हळूच म्हणाली, "भाऊ, हा तं हिच्या बापाच्या मातीचा ठेका होय. मशीनले मालूम नाई, पण तुले तं मालूम होतं ना?"

मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या ठेक्यामागे तिचंच रडणं होतं. ते किती सफाईनं कापलं, म्हणून मी स्वतःवरच खूश झालो होतो.