सातघरला न थांबणारी गाडी

दुसऱ्याच्या गाठोड्यात काय आहे हे कळल्याशिवाय बाबासोंना चैन पडत नसे. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना "कुठं?" एवढंच विचारतो. बाबासो "कुठं?" आणि "त्यात काय हाय?" असे दोन प्रश्न विचारत. सामानाचं तिकीट लावायचं म्हणून विचारत असतील, असं नव्या प्रवाशाला वाटे. ते निमित्त झालं. खरं म्हणजे चौकशीची ती खोड त्यांना जन्मापासूनची. पोत्याला बाहेरून बोट दाबून आत नाचणी आहे की वरी, हे ते सांगत. कुणाची म्हैस आटली, कुणाची लेक माहेरी निघाली, कुणाच्या पोराला कोल्हापुरात खोली मिळाली, सगळं त्यांना ठाऊक. लोक वैतागत, पण सांगत.

त्यांची गाडी कोल्हापूर-शिरवे. पन्हाळ्याच्या पायथ्याशी मोठा रस्ता सोडून ती आत वळते, शिरव्याला संपते आणि रात्री तिथंच मुक्काम करते. शिरव्याच्या दोन किलोमीटर अलीकडे, चढावर, सातघर लागतं. नाव सातघर असलं तरी घरं सव्वीस. निम्मी बौद्धांची, निम्मी मराठ्यांची, आणि जमीन सगळ्यांचीच थोडी आणि मुरमाड. बाबासो मूळचे या सातघरचेच. चौऱ्याऐंशी साली त्यांना ही ड्यूटी लागली तेव्हा वस्तीला वाटलं, घंटीची दोरी आता आपल्या माणसाच्या हातात आली, आता गाडी दारात थांबणार.

गाडी काही थांबली नाही, कारण सातघरला थांबाच नव्हता. एक थांबा शिरव्याचा आणि त्याच्या अलीकडचा थेट चढाखालच्या पुलाजवळचा, तो तर आणखी लांब. "थांबा न्हाय तितं गाडी न्हाय," बाबासो म्हणत. "उद्या कुनी म्हनाय नगो, ह्येला नोकरी मिळाली आनि ह्येनं गाडी घरला लावली." वस्तीतल्या बौद्ध घरांतली ती पहिली नोकरी. आपल्यावर शंभर डोळे लागलेत, या धास्तीनं हा माणूस इतका ताठ झाला की खुद्द त्याच्या बायकोला, आक्काताईंना, रताळ्यांची बुट्टी डोक्यावर घेऊन पहाटे दोन किलोमीटर चढून शिरव्याला जावं लागे. तिथं गाडीत बसायचं आणि पाच मिनिटांनी आपल्याच घरासमोरून खाली यायचं. घर आलं की ड्रायव्हर मुद्दाम गाडी हळू करी. बाबासो मागून दोनदा घंटी मारत, म्हणजे चल पुढं.

आठवड्यातून एकदा बाबासोंची सुट्टी असे, ती ते कोल्हापुरातच राहून घालवत. त्या दिवशीचा कंडक्टर भला होता. रस्त्यावर कुणी हात केला की गाडी थांबवायचा. त्यामुळे बाबासोंच्या सुट्टीची वाट त्यांच्यापेक्षा वस्तीच जास्त बघे. जड पोती त्या दिवसासाठी राखून ठेवलेली असत. साऱ्या तालुक्याची खबर ठेवणाऱ्या बाबासोंना ही गोष्ट रिटायर होईपर्यंत कळली नाही.

रिटायर झाले ते दोन हजार तीन साली. पुढच्या पावसाळ्यात त्यांची सून दीप्ती एक छापील कागद घेऊन आली. ती वस्तीतल्या बायकांचा बचत गट चालवायची. कोल्हापुरातलं एक ग्राहक मंडळ पुस्तिका काढणार होतं. लहान लहान वस्त्यांना एकेक पान द्यायचं, तिथं काय पिकतं, काय बघण्यासारखं आहे ते छापायचं, आणि मंडळाच्या लोकांनी रविवारी येऊन गाव बघायचं आणि माल थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा. आजवर सातघरची रताळी शिरव्याला गाडीत चढत आणि पुढं कोल्हापूरच्या बाजारात शिरव्याची म्हणून विकली जात. पान मिळालं तर ती पहिल्यांदा सातघरची म्हणून विकली जाणार होती.

"मामा, तुमीच लिवा," दीप्ती म्हणाली. "एवढ्या चौकश्या करतासा, त्याचा कायतरी उपेग हू दे."

बाबासोंना सुनेचा टोमणा कळला, पण त्याहून जास्त आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी ते वही घेऊन घरोघर फिरायला लागले आणि पहिल्याच घरी चकित झाले. त्यांच्या शेजारीण बाळाबाई काढलेली रताळी सावलीत पसरून बसल्या होत्या. विकत का नाही, असं बाबासोंनी विचारलं. बाळाबाई म्हणाल्या, "ताजं रताळं गोड लागत न्हाय. आट-धा दिस पडू द्याचं. मग खाऊन बगा." ही रताळी बाबासोंनी हजार वेळा गाडीत चढवली होती, खाल्लीही होती, पण हे त्यांना माहीत नव्हतं. चिमणाबाईंच्या घरी आढ्याला सुके भोपळे टांगलेले दिसले. त्यांत नाचणीचं तीन जातींचं बियाणं होतं. एक लवकरचं, एक मधलं, एक भाकरीला मऊ. शेळ्या राखणाऱ्या जोतीरामानं त्यांना वस्तीच्या वरच्या कातळावर नेलं. भादव्यात तो सगळा कातळ बारक्या जांभळ्या-पिवळ्या फुलांनी भरला होता. एका अंगाला पन्हाळ्याची तटबंदी दिसत होती, दुसऱ्या अंगाला जोतिबाचा डोंगर.

बाबासो तिथं बराच वेळ बसून राहिले. साठीला टेकलेला माणूस, जन्म याच मातीतला, आणि हा कातळ त्यांनी फुललेला कधी पाहिला नव्हता. पहाटे अंधारात निघायचं, रात्री अंधारात परतायचं. सातघर त्यांनी उजेडात पाहिलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्यांना वाईट वाटलं आणि हावही सुटली. आता सगळं बघायचं, सगळं विचारायचं. चार दिवसांत त्यांची वही निम्मी भरली.

मग कागदावरचा शेवटचा रकाना आला. "कसे यावे?"

बाबासो त्या रकान्यापुढं पेन धरून बसले. शेवटी त्यांनी मंडळाच्या संयोगिताताईंना शिरव्याच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "आमच्या सभासदांतल्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या आहेत, पिशव्या घेऊन एसटीनं येणाऱ्या. गाडी थांबत नसेल तर तुमचं वेगळं पान करता येणार नाही. शिरव्याच्या पानात खाली दोन ओळी घालू. महिनाअखेरीला छपाईला जायचंय, तोवर थांब्याचं पत्र आणलंत तर बघू."

म्हणजे पुन्हा शिरवेच. बाबासोंनी इस्त्रीचा सदरा घातला, अर्ज लिहिला आणि कोल्हापूरला आगारात गेले. तिथं त्यांना सगळे ओळखत. वाहतुकीचे साहेब नवे होते, पण माणूस सभ्य. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि जुनी फाईल काढायला लावली.

"विनंती थांबा द्यायला आमची ना नाही," साहेब म्हणाले. "पण तिथं प्रवासी आहेत हे दिसायला हवं. आणि इथं तर एकही नाही. नव्वद साली आणि सत्त्याण्णव साली आपण वाहकांकडून माहिती मागवली होती, की वाटेत कुठं चढणारे-उतरणारे आहेत, नवीन थांबा कुठं हवा. हे बघा."

त्यांनी कागद फिरवून समोर धरला. सातघरच्या नावापुढं लिहिलं होतं, 'निरंक'. दोन्ही साली निरंक. अक्षर वळणदार होतं आणि खाली सही बाबासोंची होती.

खोटं काही लिहिलेलं नव्हतं. सातघरची माणसं शिरव्याला चढत, शिरव्याला उतरत, तिकीट शिरव्याचं फाडलं जाई. सातघरला चढलेला प्रवासी बाबासोंनी स्वतः कधी बघितला नव्हता, कारण तो चढूच दिला नव्हता. एकोणीस वर्षं त्यांनी इतकं चोख काम केलं होतं की कागदावर त्यांची वस्ती उरलीच नव्हती. चहा न पिताच ते उठले.

घरी आल्यावर त्यांनी आक्काताईंना जे झालं ते सांगितलं. लपवायचा स्वभाव नव्हता. आक्काताई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी ती तव्यावर टाकली आणि मग बोलल्या.

"आत्तींच्या डोळ्याचं आपरेशन झालतं, ती संध्याकाळ ध्यानात हाय न्हवं? डोळ्याला पट्टी. गाडीत तुमीच, तिकीट फाडनारं तुमीच. घर आलं तसं म्या म्हटलं, अवो, आज तरी. तुमी डबल बेल दिलीसा. आत्तींच्या हाताला धरून शिरव्यापासनं म्या चालवत आनलं. तुमी मागनं हिशेब देऊन आलासा. त्या कायबी बोलल्या न्हाईत, म्हनून तुमाला वाटलं, कुनाला कायबी वाटलं न्हाय."

बाबासोंना ध्यानात होतं. आई जाऊन आठ वर्षं झाली होती आणि ती संध्याकाळ त्यांनी मनात कुठंतरी खोल दाबून ठेवली होती. आता ती वर आली. ते जेवले नाहीत.

सकाळी उठले ते वही घेऊनच. पानं उलटी करून मागच्या बाजूनं लिहायला लागले. कोण, कधी, काय घेऊन. बाळाबाई, सोमवारी आणि शुक्रवारी, रताळ्याच्या दोन बुट्ट्या. चिमणाबाई, पंधरा दिवसांतून एकदा, नाचणीचं पोतं, सोबत दम्याच्या औषधाची पिशवी. जोतीरामाचा बाप, शेळीची दोन करडं, तिकिटावरून भांडण. एकोणीस वर्षं ज्या गाठोड्यांत नाक खुपसलं ती सगळी त्यांच्या डोक्यात तशीच होती. लोक ज्या खोडीला हसत, तिच्यातून नऊ पानं निघाली.

दहाव्या पानाला ते अडले. गाडीतलं सगळं त्यांना ठाऊक होतं. गाडीतून उतरल्यावरचं काहीच नव्हतं. ते उठून घरामागच्या परड्यात गेले. आक्काताई रताळ्यांची माती झाडत होत्या.

"शिरव्याला चढून जाताना वझं खाली ठेवत हुतीस व्हय गं?" त्यांनी विचारलं.

आक्काताईंनी मान वर केली. या माणसानं साऱ्या जगाला काय काय विचारलं होतं, पण हा प्रश्न पहिल्यांदाच.

"तीन जागी," त्या म्हणाल्या. "पैल्यांदा वडाच्या पाराला. तितं बुट्टी कमरंएवढी बसती, वाकाय लागत न्हाय. दुसऱ्यांदा मोरीच्या कठड्याला. तिसऱ्यांदा शिरव्याच्या शाळंम्होरं, तितं खाली मातीतच. मग उचलाया कुनीतरी मानूस बगायचं."

"आनि मानूस नसला तर?"

"बसायचं. कवा कवा गाडी निघून जायाची. तुमचीच की."

बाबासोंनी ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. दुपारी दीप्तीला बसवून त्यांनी नव्या अर्जाचं शेवटचं पान वाचायला लावलं, चुकलंमाकलं बघायला. दीप्ती मोठ्यानं वाचत गेली आणि उंबऱ्यात बसून आक्काताई ऐकत राहिल्या.

"सातघरला एकोणीस वर्षांत एकही प्रवासी चढला वा उतरला नाही, असे कागद सांगतो. तो कागद माझ्या हातचा आहे. प्रवासी रोज होते. ते घरासमोरून पुढे गेले, शिरव्याला उतरले आणि चालत मागे आले. त्यांत डोळ्याला पट्टी बांधलेली माझी आई होती. वाहक मी होतो. निरंक ही नोंद रद्द समजावी."

वाचून झालं. आक्काताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि परड्यात निघून गेल्या.

आगारात साहेबांनी दहाही पानं वाचली. वाचताना एकदा हसले, बहुतेक करडांच्या भांडणापाशी. शेवटचं पान मात्र त्यांनी दोनदा वाचलं. चार दिवसांनी पत्र आलं. सातघर, विनंती थांबा, तूर्त तीन महिने, प्रवासी दिसले तर कायम. छपाईला दोन दिवस बाकी होते. बाबासो पत्राची झेरॉक्स घेऊन स्वतः संयोगिताताईंकडे गेले आणि पान पक्कं करूनच उठले.

थांबा सुरू झाला त्या दिवशी बाबासो आणि आक्काताई कोल्हापुरात होते. रताळी विकून दोघं संध्याकाळच्या गाडीत बसली. कंडक्टर नवा, तरणा. तिकिटाची पेटी वाजवत जवळ आला.

"कुठं, मावशी?"

"सातघर. दोन," आक्काताई म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

पूल गेला, चढ लागला. बाबासोंना वाटलं, आपण उठून सांगावं, पण त्यांच्या आधी आक्काताईच उठल्या. कंडक्टरनं एकदा घंटी मारली. गाडी कडेला आली, करकचून थांबली, दार उघडलं, दोघं उतरली. दोनदा घंटी वाजली आणि गाडी शिरव्याकडे निघून गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

रस्त्यापलीकडे घर होतं. दारात दीप्ती दिसत होती. अजून उजेड होता. आक्काताई बुट्टी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. एकदा गेलेल्या गाडीकडे बघितलं, एकदा घराकडे, आणि मग नवऱ्याकडे.

"एवढंच हुतं व्हय?" त्यांनी विचारलं.

बाबासोंनी खाली बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "एवढंच."