आनंदाची हजेरी

माणसांना धरून आणून आनंदी करण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर सापडायचा नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते. कॅन्टीनची उसळ, गणपतीतलं नाटक, कामगारांच्या बायकांचं हळदीकुंकू आणि वार्षिक सहल, सगळं त्यांच्या अखत्यारीत. एकट्याने सुखी होता येतं यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. सुखाला किमान बावन्न माणसं लागतात असं ते म्हणत, कारण सहलीच्या बसमध्ये तेवढ्या जागा असत. निवृत्तीनंतर ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत गेर्लिंगेनला आले, तेव्हा बागेतल्या बाकांवर एकेकटे बसलेले म्हातारे बघून त्यांना चैन पडेना. "अहो जावईबापू, यांच्यासाठी कुणी काहीच करत नाही का?" असं ते काळजीने विचारत. किल्ले आणि चर्चेस त्यांनी माझ्या समाधानासाठी पाहिली. माझ्या ऑफिसचं कॅन्टीन मात्र दोनदा पाहिलं आणि उष्टी ताटं आत नेणारा सरकता पट्टा बघून तिथेच खुर्ची घेऊन बसले.

त्या उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळींची तळ्याकाठी सहल निघाली आणि सासऱ्यांना जणू पुन्हा नोकरी लागली. शिट्टी ते पुण्याहूनच घेऊन आले होते. दर तासाला हजेरी, मग लिंबू-चमचा, मग संगीत खुर्ची. मोटारींची इंजिनं बनवणारे चाळिशीतले गृहस्थ तोंडात चमचा धरून पळत होते आणि शेजारचं जर्मन कुटुंब आपलं सँडविच खायचं विसरून बघत होतं. कायझर्सलाउटर्नला पीएचडी करणारा एक मुलगा "काका, मी जरा उन्हात पडतो ना, आठवडाभर लॅबमध्येच होतो," म्हणाला. काकांनी त्याला पडू दिलं, पण हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे "निरुत्साही" असा शेरा मारला. प्रत्येकाच्या नावापुढे असा शेरा असे. माझ्यापुढे "खेळतो, पण मनापासून नाही" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. ते खोटंही नव्हतं.

आमच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर राहत. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, स्वभाव कडक. आमच्या भागात भाडेकरूंनी आठवड्याची पाळी लावून जिना झाडायचा असतो, त्याला केअरवोखं म्हणतात. आमची पाळी सासऱ्यांनी हौसेने घेतली आणि कठड्याच्या सळ्यासुद्धा पुसून काढल्या. तेव्हापासून बाईंची त्यांच्यावर मर्जी बसली होती. एका शनिवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघांना केक खायला बोलावलं. दुभाषी मी.

भिंतीवर एक जुना फोटो होता. जहाजाचा डेक, आरामखुर्च्यांत हसणारी माणसं. "कंपनीची सहल?" सासऱ्यांनी लगेच ओळखलं. बाई म्हणाल्या, त्यातले एक त्यांचे वडील. त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात लेथवर काम करत. नाझी सरकार कामगारांना स्वस्तात सहलीला नेई, तसे ते नॉर्वेला गेले होते. सासरे खुर्चीत पुढे सरकले. कामगारांना जहाज! त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. जेवायला काय होतं? साहेब आणि कामगार एका टेबलावर बसत का? खोल्या कशा वाटून दिल्या? चिठ्ठ्या टाकून, हे कळल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! हे मला सुचायला हवं होतं." आणि भरात येऊन त्यांनी आपली तळ्याकाठच्या सहलीची वही बाईंपुढे उघडली.

बाईंनी शेऱ्यांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आल्झो, म्हणजे हे नंतर कुणाला द्यायचं असतं?"

मी भाषांतर केलं.

बाई सांगू लागल्या. त्या जहाजावर एक फार गमत्या माणूस होता, सगळ्यांत मोठ्याने गाणारा. कोण कशावर कुरकुरला हे तो टिपून ठेवत होता. परतल्यावर वडिलांना चौकशीला बोलावलं. जेवताना केलेला एक विनोद त्यांना तिथे वाचून दाखवला गेला. त्यानंतर ते घरीही तोलूनमापून बोलत.

"मग हा फोटो कशाला ठेवलात?" मी माझ्याच मनाने विचारलं.

"कारण ते तिथे खरंच आनंदात होते," बाई म्हणाल्या. "त्यांनीच लावलाय तो."

सासऱ्यांनी केक तसाच ठेवला. वर आल्यावर माझ्याकडे न बघता ते बोलले. कारखान्यातल्या संपाच्या वर्षी मॅनेजरने त्यांच्याकडून सहलीची वही मागून घेतली होती. साळुंखे नावाच्या लेथवरच्या कामगारापुढे "जेवताना वेगळा गट करून बसतो" असा शेरा होता. पंधरा दिवसांत साळुंख्यांची भट्टीवर बदली झाली. "योगायोग असेल, असं मी मनाशी धरून चाललो," सासरे म्हणाले. "तीस वर्षं मी लोकांना सुख दिलं की पाळत ठेवली, हे मला आता त्यांनाच विचारलं पाहिजे."

रविवारी सकाळी मी साळुंख्यांना फोन लावून दिला. सासऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू होता. साळुंखे आता गावी, साताऱ्याकडे असतात. सासऱ्यांनी आडपडदा न ठेवता वही, मॅनेजर, बदली सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"मला तेव्हाच ठाऊक होतं साहेब," पलीकडून आवाज आला. "तुमची वही सगळ्यांना ठाऊक होती. भट्टीवर चार वर्षं काढली मी. लई ताप झाला."

"मग पुढच्या वर्षी परत सहलीला कसे आलात?"

"पोरांनी समुद्र बघितला नव्हता ना साहेब."

मग सासऱ्यांनी अगदी हळू विचारलं, "आवडला का पोरांना?"

"धाकटी तर पाण्यातून बाहेर येईना. आता तिची पोरगी तेवढी झाली," साळुंखे म्हणाले आणि हसले.

फोन ठेवल्यावर सासरे रडले. इतकी वर्षं मी बायकोच्या मागे त्यांची टिंगल करत आलो होतो, त्याची मला फार लाज वाटली. मी चहा करून आणला आणि आम्ही दोघं तो प्यायलो.