ओसाकाच्या पाहुणीला ऐकवलेलं भाषण

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी जपानी शिकलो. कुंभकोणममध्ये ती येणारा बहुधा मी एकटाच, त्यामुळे माझ्या चुका काढायलाही कोणी नाही. साहजिकच जवळच्या नाचियार्कोविल गावचे पितळी दिवे बघायला ओसाकाहून एक बाई आल्या, तेव्हा दुभाष्या म्हणून बोलावणं मलाच आलं.

टॅक्सीत बसताच मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. जपान म्हणजे एक वंश, एक रक्त, एक भाषा. आम्हा सरमिसळ लोकांना त्याचं फार कौतुक. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा जन्म ओसाकाचा," त्या म्हणाल्या, "पण मी कोरियन आहे. कोरिया जपानच्या ताब्यात होता तेव्हा आजोबांना कोळशाच्या खाणीत कामाला नेलं. युद्ध संपल्यावर त्यांना परतणं जमलं नाही. शाळेत मी जपानी नाव लावायचे, घरी दुसरं."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण भाषण वाया गेलेल्या माणसाला ते जमत नाही. "मग आपल्या देशात कधी जाणार?" मी विचारलं.

"परवा," त्या म्हणाल्या. "ओसाकाला."

सावरून घ्यायला मी आमचं पुराण काढलं. "आम्हीही तुमच्यासारखेच. मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे आलो. घराबाहेर तमिळ बोलतो, आणि पुण्याची माणसं आमच्या मराठीला हसतात." हे खरंच आहे. पुण्यातला एक दुकानदार माझं मराठी ऐकून हिंदीत बोलू लागला होता. तो अपमान मी अजून प्रेमाने सांभाळतो.

"तुमच्या पूर्वजांना कुठल्या कामासाठी आणलं होतं?"

"आणलं नव्हतं," माझा आवाज खाली आला. "मराठा राजाच्या फौजेबरोबर आले."

"म्हणजे जिंकणाऱ्यांबरोबर," त्या म्हणाल्या आणि थोडं हसल्या.

मी खिडकीतून भातशेती बघत राहिलो. ती मी लहानपणापासून बघतो आहे, पण इतक्या बारकाईने कधी बघितली नव्हती.

कारखान्यात दिवे ओतणाऱ्या म्हाताऱ्याने तमिळमध्ये विचारलं, "ह्या चीनच्या का?"

उत्तर द्यायच्या आधी मी बाईंनाच विचारलं, "काय सांगू?"

त्यांनी जरा विचार केला. "ओसाकाची कोरियन."

मी तसंच सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि दिवा किती उंच हवा ते विचारलं. उंचीला जपानीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना. मी हात कमरेपाशी धरून दाखवला. बाईंनी तो मनगटाशी धरून गुडघ्यापर्यंत खाली आणला.