केदारखेड्याच्या वीस पेट्या

माझं शिक्षण जळालेल्या मोटारींवर झालं. भोकरदनला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान आहे. विहिरीवरची किंवा बोअरमधली मोटार जळाली की शेतकरी ती त्यांच्याकडे भरायला आणतात. भरायची म्हणजे आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची, नवी तार वेढे मोजून बसवायची, वार्निश पाजायचं आणि वाळत ठेवायची. आबा सातवीपर्यंत शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. एवढ्या लांब शिकायला पोरीला कशाला पाठवता, असं त्यांना विचारणाऱ्यांची कमी नव्हती. ते मान खाली घालून वेढे मोजत राहायचे. मोजताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम तेव्हा फार उपयोगी पडला.

पुण्यात मी एका लहान कंपनीत काम करते. आम्ही चिप तयार करतो. खरं सांगायचं तर चिपचा आराखडा करतो, प्रत्यक्ष चिप परदेशातल्या कारखान्यात बनते. आमची चिप शेतातल्या पंपाच्या पेटीत बसते. व्होल्टेज कमी झालं, तीनपैकी एक फेज गेला, तर मोटार जळण्याआधी बंद करायची, एवढंच तिचं काम. हेच काम करणारी एक मोठी कंपनी आहे. देशातल्या बहुतेक पेट्यांत तिचीच चिप असते. आम्ही चाळीस माणसं. त्यांच्या एका इमारतीच्या कँटीनमध्ये याहून जास्त माणसं जेवत असतील.

मी नोकरीला लागले त्या आठवड्यात आमच्या विभागाच्या सरांनी मला समोर बसवून सांगितलं, "किमतीत आपण त्यांना हरवू शकत नाही. वेगात नाही, जाहिरातीत तर नाहीच. त्यांची एकच चिप सगळ्या जगात चालते. म्हणून ती भोकरदनसाठी बदलायला ते कधीही येणार नाहीत. आपल्याला तेवढीच जागा आहे. तू तिकडचीच ना?"

"हो सर."

"मग जा तिकडे."

त्यांच्या चिपमध्ये एकदा भरलेला प्रोग्रॅम कुलूपबंद असायचा. आमची चिप उघडी ठेवायची, पेटी बनवणाऱ्याला हवा तसा बदल करून द्यायचा आणि शेतापर्यंत स्वतः जायचं, असं ठरलं. ही आमची सगळी योजना. कागदावर ती फार छान दिसायची.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपाच्या पेट्या बनवणारे एक शेठ आहेत. त्यांनी आमची चिप घालून वीस पेट्या तयार करून दिल्या. उन्हाळाभर चालवून बघू, चांगल्या चालल्या तर मोठी ऑर्डर देऊ, असं म्हणाले. ती ऑर्डर मिळाली नाही तर कंपनी ही चिप बंद करणार आणि आमचा विभागही, हे सरांनी आमच्यापासून लपवलं नव्हतं.

पेट्या केदारखेड्याला बसवल्या. आबा सोबत होते. पहिली पेटी ज्यांच्या शेतात बसली त्या काकांची दीड एकर मिरची होती. आबांनी तीस वर्षांत त्यांची मोटार किती वेळा भरली असेल याचा दोघांनाही हिशेब नव्हता.

"मिस्त्री," काका म्हणाले, "ही पेटी बसवल्यावर मोटार जळणार न्हाई म्हणता?"

"पोरगी म्हणती."

"मंग तुम्ही काय करसाल? पोरीनं तर तुमच्याच पोटावर पाय आणला की!"

सगळे हसले. आबाही हसले. "आणू द्या. मलाबी आता वाकवत न्हाई."

मी स्क्रू आवळत होते. माझ्या डोक्यात ही गोष्ट तोवर आलीच नव्हती, असं मी म्हणणार नाही. आली होती. मी ती बाजूला ठेवली होती.

मे संपता संपता शेठच्या माणसाने शेतकऱ्यांना विचारून वीस पेट्यांची माहिती गोळा करून पाठवली. फॉर्म मीच तयार केला होता. त्यात एकच मुख्य रकाना होता: पेटी किती वेळा बंद पडली. वीसच्या वीस ओळींमध्ये शून्य होतं. मोठ्या कंपनीच्या पेट्या आमच्या भागात दिवसातून अनेकदा बंद पडतात, ही शेठची जुनी तक्रार. त्यांनी सरांना फोन करून सांगितलं, सोमवारी या, सही करून टाकू. विभागात कोणी तरी केक आणला. सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मी दोन वाक्यं बोलले आणि त्यातलं एक आबांबद्दल होतं.

शनिवारी पेढे घेऊन मी भोकरदनला उतरले. घरी न जाता थेट दुकानात गेले. आबांनी हात पुसून पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही.

"शून्य म्हणजे? एकदाबी बंद पडली न्हाई?"

"एकदाही नाही, आबा."

"यंदाच्या उन्हाळ्यात? आपल्याकडं?" त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक मोटार पडली होती. तारेचा काळा गुंता बाहेर आलेला, जळक्या वार्निशचा तोच वास. "मंग ही केदारखेड्याची हाय. मिरचीवाल्याची. याच्याआधी त्या वीसमधल्याच अजून दोन भरून दिल्या मी. मला वाटलं, तुला कळवलं असंल त्यांनी."

आबांनी पेढा परत पुड्यात ठेवला.

रविवारी सकाळी आबांच्या मोटारसायकलवर आम्ही केदारखेड्याला गेलो. मी काकांच्या पेटीचं झाकण उघडलं. आमच्या चिपच्या बोर्डाचा स्वीच बंद केलेला होता. मोटार दुकानात असली तरी तिला सरळ लाईनला जोडणारी लाल तार तशीच होती. आमच्याकडे याला डायरेक्ट करणं म्हणतात. ती तार मी लहानपणापासून शंभर पेट्यांत पाहिली आहे. पुण्यात बसून फॉर्म करताना मला ती आठवली नाही. फॉर्ममध्ये चिप चालू आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. चिप किती तास चालली हा रकाना मी ठेवला असता तरी लगेच कळलं असतं.

काका मिरचीतून आले. तार बघून त्यांना थोडं ओशाळल्यासारखं झालं.

"ताई, कसं हाय, थ्री फेज येती आठ तास. त्यात तुमची पेटी दर दहा मिनिटाला बंद. मिरचीला काय सांगू, थांब गं माय, व्होल्टेज कमी हाय?"

"पण काका, त्या माणसाने विचारलं तेव्हा..."

"त्यानं इचारलं, पेटी बंद पडती का? म्हणलं, न्हाई. डायरेक्ट केल्यावर कशी पडंल? खोटं न्हाई बोललो." मग आवाज उतरवून म्हणाले, "आन खरं सांगू का, मिस्त्रीच्या पोरीचं काम हाय. आपल्या भागातली पहिलीच पोरगी एवढी शिकली. तिचं नाव खराब होईल असं कोणी बोलायचं न्हाई, असं आम्ही समद्यांनी ठरवलं व्हतं."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. मोटार जळाली, मिरची वाळत चालली, तरी या माणसांनी माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. आबांसाठी तर नक्कीच. त्या दिवशी आम्ही विसाव्या पेटीपर्यंत गेलो. तेरा डायरेक्ट होत्या. उरलेल्या सात बंद पडत होत्या, पण तेही कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या बांधावरून मी सरांना फोन केला.

"मोठ्या कंपनीचा माणूस शुक्रवारी शेठना भेटून गेलाय," ते म्हणाले. "निम्म्या किमतीत देतो म्हणाला. तरी शेठ आपल्यासोबत थांबलेत, त्या शून्यामुळे."

"हो सर."

"तू सांगशील की मी सांगू?"

त्यांनी 'सांगायचं का' असं विचारलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

"मी सांगते," मी म्हणाले.

सोमवारी शेठच्या ऑफिसात चहा आला, कागद टेबलावर होते. मी तो फॉर्म पुढे ठेवला आणि सांगितलं की यातलं एकही शून्य खरं नाही, तेरा पेट्या तर डायरेक्ट आहेत, आणि चूक माझ्या फॉर्मची आहे. सर शेजारी बसले होते.

शेठनी पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, सही झाल्यावर सांगितलं असतं तर?"

"तर पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या नावाच्या पेट्यांवर हजार मोटारी जळाल्या असत्या."

"आणि त्यांची चिप? तीही लोक डायरेक्ट करत असतील की."

"करत असतील. मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसेल."

"ऑर्डर आत्ता देत नाही," शेठ म्हणाले. "पण त्या वीस पेट्या परत मागत नाही. एक उन्हाळा अजून घ्या. त्यांचा माल मात्र मी घेत राहणार."

कंपनीने विभाग बंद केला नाही, पण निम्मा केला. कमी झालेल्यांपैकी दोघं जण पुढे त्या मोठ्या कंपनीतच लागले. त्यांनाही घरं होती. सरांनी स्वतःच्या पगारात काय तडजोड केली ते मला बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांकडून कळलं.

आम्ही राहिलेल्यांनी चिप नव्याने आखली नाही, तेवढा वेळ नव्हता. आतला प्रोग्रॅम बदलला. ती आमची उघडी ठेवलेली बाजू, आणि तीच कामाला आली. काय बदलायचं ते मात्र दुकानात ठरलं. पुस्तकाप्रमाणे व्होल्टेज अमुक आकड्याच्या खाली गेलं की मोटार बंद, असा आमचा नियम होता. आबा म्हणाले, "माय, मोटार एकदम जळत न्हाई. आधी तापती. गार मोटार कमी व्होल्टेजवरबी काही वेळ वढती. मी हात लावून सांगतो ना, अजून चालंल का न्हाई." मी पंधरा दिवस दुकानात बसून त्यांचा हात आणि माझं मीटर यांची सांगड घालत राहिले. कोणती मोटार, किती करंट, किती मिनिटं, आबांचा हात कधी मागे येतो. ते सगळं चिपला शिकवलं. आता ती व्होल्टेज पडलं की लगेच बंद करत नव्हती. मोटार किती तापली असेल याचा अंदाज घेत चालू ठेवायची. थांबवलीच तर पेटीवरच्या छोट्या पडद्यावर मराठीत कारण आणि वेळ दाखवायची: मोटार तापली, वीस मिनिटं थांबा.

"किती थांबायचं ते कळलं ना, मंग माणूस थांबतो," काका म्हणाले. "न सांगता बंद पडली का डोकं फिरतं."

यंदाच्या उन्हाळ्यात मी फॉर्म पाठवला नाही. आबा आणि मी वीस झाकणं उघडून पाहिली. चार पेट्या डायरेक्ट होत्या, त्यातल्या एकीची मोटार जळाली. बाकी सोळा आमच्या चिपवर चालल्या, अनेकदा बंद पडल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. मी शेठना सगळे आकडे दिले, चारही डायरेक्टसकट. त्यांनी एका मॉडेलसाठी आमची चिप घेतली, शेतीपंपाच्या. बाकी सगळ्या मॉडेलांत मोठ्या कंपनीचीच राहिली. पुढच्याच महिन्यात त्या कंपनीने किंमत आणखी उतरवली. शेठनी ते मला सांगितलं, पण कागद बदलला नाही. आमचा विभाग यंदा तरी आहे. पुढच्या वर्षाचं सरही बोलत नाहीत.

शेठचा निर्णय कळला त्या दिवशी मी दुकानात होते. कोपरा रिकामा होता. केदारखेड्याची एकच मोटार आली होती, ती भरून गेली होती. वार्निशचा डबा झाकण लावून ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आबांनी आयुष्यभर ज्यावर मला शिकवलं, ते कमी करायचं काम मी करत होते, आणि त्यांनी त्याला स्वतःचा हात दिला होता. मला काही तरी म्हणायचं होतं.

"आबा, दुकानाचं..."

"शेठचा फोन आल्ता," ते मध्येच म्हणाले. "पुढच्या पेट्या शहागडकडं बसवणार म्हणे. नदीकाठचं पाणी, उसाला तर मोटार दिवसभर पाहिजे. तिकडं लय डायरेक्ट करतेत. तुम्ही बघून या म्हणले, जाण्यायेण्याचा खर्चा देतो." त्यांनी टेस्टर आणि पाना पिशवीत टाकला. "तो तुझा फॉर्म हाय ना, त्यात एक रकाना वाढव. डायरेक्ट हाय का न्हाई. आन खाली लिही, इचारायचं न्हाई, झाकण उघडून बघायचं."

मी तिथेच बाकावर बसून रकाना वाढवला. आबा चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"अजून एक लिही," ते म्हणाले. "बघणाऱ्याचं नाव. तिथं आधी माझं घाल."