आईची गाणी आणि कॅबिनेटचं झाकण

रविवारी सकाळी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. उमरग्यात दुरुस्तीची दुकानं आहेत, पण या मशीनला मी कुणाला हात लावू दिलेला नाही... सगळं स्वतःच शिकलोय.

कॅबिनेट उघडून रॅम वाढवली. डेटा पेनड्राइव्हवर घेतला, एकेक फाइल उघडून तपासली, मगच फॉरमॅट मारला.

नंतर आईच्या गाण्यांची फाइल उघडली... तर नुसते कंस, टिंबं आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं! गाणी पेनड्राइव्हवर घेतली होती, पण ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती तो फॉन्टच घ्यायचा राहिला. एका दुकानदारानं स्वतः बदल करून दिलेला फॉन्ट, त्यामुळं कन्व्हर्टरही चालेना. ते दुकान कधीच बंद झालंय.

बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. तिथं बायकांनी जुळवलेली ही गाणी. त्या बायकांतली आता एकटी आईच उरलीय, आणि तिला हल्ली सकाळचा चहा घेतल्याचंही आठवत नाही...

"आई, तुझी गाणी गेली गं."

"जातील कुठं? मला येत्यात की!"

म्हणायला लागली, आणि पहिल्याच ओळीवर अडकली. दोनदा, तीनदा... तिचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, राहू दे.

"गप रं. हात रिकामा हाय म्हणून येईना."

तिनं टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण मांडीवर घेतलं आणि मुठीकडून ठोकायला लागली. ठक... ठक... खडी फोडल्यासारखं.

"मुकादम दादा बसं सावलीला,
ऊन न्हाय ठावं त्याच्या पावलाला..."

एकामागून एक ओळी यायला लागल्या. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मधेच थांबून म्हणाली, "त्यो मुकादम लई गोरा होता मेला!" आणि एकटीच हसली.

सगळी गाणी आली नाहीत. पण एक आलं, जे माझ्या फाइलमध्ये कधी नव्हतंच.

आता युनिकोडमध्ये टाइप करतोय, आणि सोबत तिचा आवाजही जपून ठेवलाय. झाकणाला बारीक पोचे पडलेत. बायको म्हणते, बदलून टाका... मी तेच झाकण परत बसवलंय, पोचे बाहेरून दिसतील असं.